बेचाळीस काळे कोट आणि एक डोकं

माझ्या भाचीचं लग्न एकदा ठरलं, मोडलं आणि चार महिन्यांनी पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षाची ही गोष्ट. आकडा मला सांगता येत नाही असं नाही, पण आमच्या घरात ते वर्ष असंच ओळखतात. लग्न मोडलं त्या वर्षी घेतलेला पंखा, लग्न मोडलं त्या वर्षी पडलेली माझी दाढ. मधल्या चार महिन्यांत भाचीला हुकूम गाजवायला कुणीतरी हवं होतं. होणारा नवरा हाताशी नव्हता, म्हणून तिनं मला धरलं. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची. तिनं माझ्यापुढे पाटी टाकली आणि म्हणाली, "आत्या, रोज दहा अक्षरं. चुकलीस तर चहा नाही."

मी चुकायचे आणि चहाही प्यायचे, कारण चहा करणारी मीच होते. पण दोन महिन्यांत मला वाचता यायला लागलं. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक अक्षर चावून. मग माझ्या तावडीतून काही सुटेना. काडेपेटी, साबणाचं वेष्टन, वाणसामान बांधून आलेला कागद, जे समोर येईल ते मी वाचायची. भावजय म्हणायची, "वन्सं, आता भिंतीवरची पाल तेवढी वाचायची राहिली."

माझ्या धाकट्या भावाचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत करडा पडदा, एक खुर्ची आणि दोन मोठे दिवे. मागे डार्करूम. तिथे एक लाल बल्ब, फोटो मोठा करायचं यंत्र आणि आंबट वासाच्या औषधांच्या तीन थाळ्या. दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उजेडाची एक खिडकी, खिडकीखाली माझं स्टूल, आणि सगळ्याच्या मागे आमचं राहतं घर.

नवरा गेल्यावर मी एक ट्रंक घेऊन भावाकडे आले. भावानं कधी काही बोलून दाखवलं नाही, भावजयीनं तर नाहीच. पण न बोललेलं जास्त ऐकू येतं. सहा महिने मी दुसरी पोळी मागताना आधी घसा साफ करायची. मग एके दिवशी भावानं मला त्या स्टुलावर बसवलं, हातात तीन केसांचा ब्रश दिला आणि ठिपके भरायला शिकवलं. त्या दिवसापासून मी पोळी मागताना घसा साफ केला नाही.

ठिपके म्हणजे काय ते सांगते. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की त्यातून उजेड जात नाही, आणि छापलेल्या फोटोत तेवढी जागा पांढरी राहते. तो पांढरा ठिपका शाईनं भरून आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकायचा. ब्रशाला टोक यावं म्हणून तो जिभेवर फिरवायचा. त्यामुळे माझी जीभ बारा महिने काळी असे. "वन्सं काळ्या जिभेच्या आहेत, त्यांच्यासमोर अभद्र बोलू नका," असं भावजय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि येणारे-जाणारे खरंच दबकून असायचे. मला ते आवडायचं.

तर त्या स्टुडिओत ठिपके फार. एका फोटोवर साठ-सत्तर. काळा कोट असला तर विचारूच नका. आणि भावाचं यावर एक ठाम मत होतं. तो म्हणायचा, "अक्का, लोकांच्या डोक्यात फार कोंडा झालाय."

फोटो न्यायला गिऱ्हाईक आलं की भाऊ ठिपके भरलेला फोटो एका हातानं पुढे करायचा आणि दुसऱ्या हातानं गल्ल्याखालून तेलाची एक लहान बाटली काढायचा. तेल त्यानं स्वतः घरी उकळलेलं. आवाज खाली आणायचा.

"राग मानू नका, पण तुमच्या डोक्यात कोंडा आहे."

"माझ्या? नाही हो."

"आरशात दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो. रोज झोपताना चोळा."

कॅमेऱ्याला दिसतो म्हटल्यावर माणूस काय बोलणार? गल्लीतले निम्मे लोक त्या तेलानं चपचपीत डोकी घेऊन हिंडत. समोरच्या न्हाव्यानं एकदा येऊन तक्रार केली, की त्याच्या कात्र्या हातातून निसटतात.

आता खरी गोष्ट. भाऊ फोटो मोठा करताना यंत्रावर वाकायचा, निगेटिव्ह बसवायचा आणि विचार करता करता कानामागची पेन्सिल काढून तिच्या मागच्या टोकानं डोकं खाजवायचा. कोंडा त्याच्याच डोक्यातला होता. पिठाच्या चाळणीसारखं डोकं ते, वर्षानुवर्षं निगेटिव्हवर बरसत होतं. लाल उजेडात दिसायचं नाही. बाहेर तो कायम पांढरा सदरा घालायचा, त्यावरही दिसायचं नाही. स्वतःचं डोकं कुणाला दिसतं?

मला दिसलं होतं. माझ्या दुसऱ्याच वर्षी एक बाई तिच्या काळ्या कुत्र्याचा फोटो काढवून गेली होती. कुत्रं खुर्चीवर बसलेलं, एखाद्या साहेबासारखं. फोटो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पाठीवर चाळीस ठिपके होते. मी भावाला म्हणाले, "अरे, कुत्र्यालाही कोंडा?"

"कुत्र्यांना माणसांपेक्षा जास्त होतो, अक्का," असं म्हणत त्यानं पेन्सिलीनं डोकं खाजवलं, आणि कुत्र्याच्या नाकावर एकेचाळिसावा ठिपका माझ्या डोळ्यांदेखत पडला.

मी तो बोटानं झाडला आणि गप्प बसले. लबाडी म्हणा. पण हिशेब सरळ होता: कोंडा आहे तोवर ठिपके आहेत, ठिपके आहेत तोवर स्टूल आहे. पडद्यावर आणि खुर्चीवर पडलेले ठिपके मी सगळ्यात आधी भरून टाकायची, म्हणजे भावाच्या नजरेला फक्त माणसांच्या खांद्यावरचे पडावेत. अशी सात वर्षं गेली.

दरवर्षी कोर्टाला सुट्टी लागायच्या आधी वकिलांच्या मंडळाचा एकत्र फोटो निघायचा. बेचाळीस वकील, बेचाळीस काळे कोट, कोर्टाच्या पायऱ्यांवर चार ओळींत. प्रत्येकाला एक मोठी प्रत. आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम ते. पण त्या वर्षी रस्त्यापलीकडे नवा स्टुडिओ उघडला होता, तिथे यंत्रातून रंगीत फोटो सरसर बाहेर पडायचे. मंडळाच्या अध्यक्षांनी निरोप धाडला, की आधी माझा एकट्याचा फोटो काढून दाखवा, पसंत पडला तर पुढचं बघू.

या अध्यक्षांना सगळे 'आरसा' म्हणत, पाठीमागे अर्थात. डोकं इतकं गुळगुळीत, की दिव्याखाली बसले तेव्हा भावाला दिवा दोनदा फिरवावा लागला.

फोटो निघाला, छापला, दोरीवर वाळत टाकला. मी त्या दिवशी भाचीबरोबर बाजारात गेले होते. लग्न पुन्हा ठरायची चिन्हं दिसत होती, म्हणून ती उगाच चपला बघत फिरत होती. तेवढ्यात आरसा आला आणि भावानं कौतुकानं दोरीवरून ओला फोटो काढून तसाच त्याच्या हातात ठेवला. म्हणजे माझ्या हाताखालून न जाता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय न उघडतोय तोच साहेब दारात.

"फोटोवाले, हा फोटो कुणाचा?"

"आपलाच, साहेब."

"हे डोकं कुणाचं?"

"आपलंच."

"यावर केस किती?"

भावानं फोटोत पाहिलं, मग डोक्याकडे पाहिलं. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "नाहीत, साहेब."

"मग माझ्या खांद्यावर बर्फ पडलाय का?"

आणि इथे भावाच्या हातानं दगा दिला. इतक्या वर्षांची सवय. तो आपसूक गल्ल्याखाली गेला आणि तेलाची बाटली घेऊन वर आला. "राग मानू नका, पण रोज झोपताना..."

आरशानं बाटलीकडे पाहिलं. "तेल? कुठे चोळू? कानांना?"

मी स्टुलावर बसून ओठ दाताखाली धरले होते. आतून भावजयीचं हसू ऐकू आलं, मग भांडं पडल्याचा आवाज. भांडं तिनं मुद्दाम पाडलं असणार.

"पुढे चला," साहेब म्हणाले. आता ते कोर्टात उभे असल्यासारखे फिरायला लागले. "हा खुर्चीचा हात. लाकडाला कोंडा होतो?"

"नाही, साहेब."

"हा मागचा पडदा. पडद्यानं कधी डोकं धुतलं नाही, असं म्हणणं आहे का तुमचं?"

"नाही, साहेब."

"मग हा कोंडा आहे कुणाचा?"

भाऊ त्या वेळी मोठ्या कॅमेऱ्यावरचं काळं कापड झटकायला निघाला होता. ते त्यानं खांद्यावर टाकलं होतं. साहेबांनी बोट पुढे केलं, आणि आम्ही सगळ्यांनी त्या बोटाच्या रोखानं पाहिलं. काळ्या कापडावर भावाच्या मानेखाली चांदणं पडल्यासारखं दिसत होतं.

भावानं कापडावरून हात फिरवला, बोटं डोळ्यांसमोर धरली. त्याचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्याला त्याच्याच घराचा पत्ता विचारला आणि तो त्याला आठवेना.

"जुनी ओळख आहे म्हणून मुदत देतो," साहेब म्हणाले. "दोन महिन्यांनी पायऱ्यांवरचा फोटो तुम्हीच काढा. पण बेचाळीस कोटांवर मिळून एक जरी पांढरा कण किंवा शाईनं भरलेला ठिपका दिसला, तर पुढच्या वर्षापासून मी समोरच्या नव्या स्टुडिओत जाईन. आणि मी भिंग घेऊन येईन."

ते गेल्यावर भाऊ माझ्याकडे वळला. "अक्का, तुझ्या कधी लक्षात आलं नाही?"

"मला काय कळतंय," मी म्हणाले. "मी आपली ठिपके भरते." आणि काळ्या जिभेवर ब्रश फिरवला.

मग आमच्या घरात कोंड्याचे दिवस सुरू झाले. भावानं आधी आपलंच तेल आपल्याला लावलं. चपचपीत. आठवड्यात कोंडा गेला नाहीच, उलट तेलात भिजून त्याची पुटं झाली आणि निगेटिव्हवर तेलकट बोटं उमटली. एका नवरीच्या गालावर भावाचा अंगठा आला. मग लिंबू. लिंबू चोळून तो उन्हात बसला आणि आग आग करत उठला, कारण पेन्सिलीनं खाजवून डोक्यावर ओरखडे होतेच. मग कुणीतरी सांगितलं, सिरका लाव. घरात सिरका नव्हता. भावाच्या मनात आलं, डार्करूमच्या मधल्या थाळीत जे आंबट औषध असतं ते सिरक्याच्याच घराण्यातलं.

"फोटोचा काळेपणा जिथल्या तिथे थांबतो यानं," तो मला समजावून सांगायला लागला. "तर कोंडाही थांबेल."

"अरे, तो कागद आहे. हे डोकं आहे."

"पातळ करून लावतो."

पातळ केलं होतं म्हणून निभावलं. तरी तीन दिवस तो कपाळापर्यंत लाल होता आणि जेवायला बसला की ताटाला लोणच्याचा वास यायचा. भावजय म्हणाली, "अहो, आता त्या तिसऱ्या थाळीतही एकदा डोकं बुडवा, म्हणजे कायमचे छापले जाल."

तिनं त्याला तिची आंघोळीची रबरी टोपी दिली, गुलाबी, कडेनं फुलं असलेली. ती घालून डार्करूममध्ये जायचं असं ठरलं. भाऊ घालायचा. पण कोंड्याची खाज ती, टोपीला भीत नाही. अंधारात पेन्सिल टोपीखाली शिरायची आणि दुप्पट चुरा घेऊन बाहेर यायची.

शेवटी भाचीनं औषधाच्या दुकानातून कोंड्यावरची बाटली आणली. नारिंगी, चिकट, वास इस्पितळासारखा. भाऊ रोज सकाळी ती लावायचा. लावायचा म्हणजे काय, थेंब डोक्यावर टेकतो न टेकतो तोच वरून पाण्याचा तांब्या. फेस यायच्या आत गेला. दहा दिवस झाले. काळ्या कापडावर चांदणं तसंच.

"ही बाटलीही लुच्ची," भाऊ म्हणाला.

भावाला वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायची सवय. भाची तर कॉलेजात जाऊन आलेली. घरात ज्याला त्याला वाचता येत होतं, आणि म्हणूनच ती बाटली कुणी वाचली नव्हती. मी वाचली. कपडे धुता धुता, मोरीच्या कट्ट्यावर, बोट ठेवून. अक्षरं मुंगीएवढी, पण मुंगीएवढ्या गोष्टींची मला सवय होती. पाऊण तास लागला. लिहिलं होतं: केस ओले करून लावा. बोटांनी कातडीला चोळा, नखांनी नाही. पाच मिनिटे तसेच ठेवा. मग धुवा. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. डोळ्यांत जाऊ देऊ नये.

पाच मिनिटे! मी ते तीनदा वाचलं. मग उठले, बाटली जागेवर ठेवली आणि तिची अक्षरांची बाजू भिंतीकडे केली.

दीड दिवस ती तशी भिंतीकडे होती. मी हे लिहितेय कारण आता लपवून काय करायचं. दीड दिवस मी खिडकीखाली बसून ठिपके भरत होते आणि प्रत्येक ठिपका भरताना मनात म्हणत होते, उद्या सांगेन. उद्या सांगितलं आणि याचं डोकं स्वच्छ झालं, तर परवा या स्टुलावर मी काय करत बसणार? पुन्हा घसा साफ करत पोळी मागायची?

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ डार्करूममधून टोपी काढत बाहेर आला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसला. टोपीनं कपाळावर फुलांचे वळ उठले होते.

"अक्का, हे काही जमत नाही," तो म्हणाला. "वकील गेले की दुकान चालायचं नाही. मी समोरच्या स्टुडिओवाल्याला विचारलंय, तो मला कामावर घेईल."

"आणि इथे?"

"इथे काय. कुलूप." तो माझ्या ब्रशाकडे बघत होता. "त्याच्याकडे यंत्र आहे. त्यातून ठिपके पडत नाहीत म्हणे. तुला तिथे..." पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

म्हणजे कोंडा गेला तर माझं स्टूल जाणार, आणि कोंडा राहिला तर दुकानासकट स्टूल जाणार. मी सात वर्षं जी फांदी धरून बसले होते, ती भावाच्या डोक्यातच उगवलेली होती आणि आता डोक्यासकट खाली येत होती.

मी ब्रश ठेवला. "अरे, ती बाटली डोक्यावर पाच मिनिटं ठेवायची असते."

"कोण म्हणतं?"

"बाटली म्हणते. मागच्या बाजूला."

तो उठला, मोरीत गेला, भिंतीकडे तोंड केलेली बाटली घेऊन आला आणि वाचली. मला पाऊण तास लागला होता ते त्यानं एका दमात वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "हिचं तोंड भिंतीकडे कुणी केलं?"

"मी."

"का?"

एकदा दार उघडलं की सगळंच बाहेर येतं. "आणि तो कोंडा तुझा आहे हे मला त्या काळ्या कुत्र्यापासून ठाऊक आहे."

"कुठलं कुत्रं?"

"खुर्चीवर बसलेलं."

त्यानं आठवलं. बोटं मोजली. "सात वर्षं?"

"सात."

"आणि मी सात वर्षं अख्ख्या गल्लीच्या डोक्यावर तेल ओतत होतो?"

"मग काय करणार होते मी? ठिपके संपले असते तर मला कुठे बसवलं असतंस?" माझा आवाज नको तेवढा चढला. आत भावजयीचं लाटणं थांबलं.

भावानं बाटली माझ्या ब्रशाशेजारी ठेवली. मग म्हणाला, "अक्का, तुझी जीभ काळी आहे ते ठाऊक होतं. पोटही काळं आहे हे आज कळलं." असं म्हणून तो हसायला लागला, आणि हसता हसता डोकं खाजवलं. मी त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. पुढचे दोन महिने ती माझ्या अंबाड्यात होती.

पण पाच मिनिटं थांबणं त्याला जमेना. डोळ्यांत जाईल, गार वाजतं, गिऱ्हाईक येईल, शंभर कारणं. डार्करूममध्ये हाच माणूस घड्याळ लावून काम करायचा. इतके सेकंद या थाळीत, इतके त्या थाळीत, एक सेकंद इकडे-तिकडे झाला तर कागद फाडून टाकायचा. मी डार्करूमचं ते घंटी वाजणारं घड्याळ उचललं आणि मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"डोकं म्हणजे कागद समज," मी म्हणाले. "ही बाटली तुझी पहिली थाळी. पाच मिनिटं झाल्याशिवाय पाण्यात घालायचं नाही. घातलास तर फोटो कच्चा."

हे त्याला लगेच पटलं. नेमकं तेवढंच पटलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तो मोरीत पाटावर बसायचा, डोक्यावर फेस, डोळे मिटलेले, आणि घड्याळ टिकटिक करायचं. घंटी वाजली की ओरडायचा, "पाणी!" भावजय तांब्या ओतायची. एकदा भाचीनं गंमत म्हणून घंटी पाच मिनिटांऐवजी दहावर लावली. तो दहाही मिनिटं तसाच बसला, घड्याळावर त्याचा एवढा विश्वास. उठल्यावर मात्र तिला म्हणाला, "तुझं लग्न का मोडलं ते आज कळलं." तेल बंद, लिंबू बंद, नखं कापलेली. दर रविवारी अंगणात काळं कापड पसरून त्यावर तो डोकं झटकायचा आणि मी बसून मोजायची. पहिल्या रविवारी मी शंभरावर मोजणं सोडलं. दुसऱ्या रविवारी छत्तीस. मग नऊ. मग दोन.

स्वतःची भाकरी मोजून मोजून कमी होताना कुणी पाहिली नसेल. मी पाहिली. पण खोटं एकदाही मोजलं नाही, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवते.

पायऱ्यांवरचा फोटो निघाला. मोठी प्रत दोरीवरून उतरली ती थेट माझ्यापुढे आली. मी ब्रश जिभेवर फिरवून तयार ठेवला आणि भिंगाखाली एकेक कोट तपासला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. बेचाळीस कोट, कोळशासारखे. कोर्टाच्या दारावर एक ठिपका सापडला, एक पायरीवर. ती साधी धूळ होती, प्रामाणिक धूळ. ते दोन मी भरले. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम झालं. मग ब्रश धुऊन ठेवला आणि हात मांडीवर.

आरसा आपलं भिंग घेऊन आला. अर्धा तास फोटोवर नाक टेकून उभा. भाऊ घामाघूम.

"कोंडा नाही," साहेब म्हणाले. "पण मागच्या ओळीतले तिसरे डोळे मिटून उभे आहेत."

"ते कोर्टातही तसेच असतात, साहेब," भाऊ बोलून गेला.

साहेब हसले. काम आमचं राहिलं. जाता जाता ते दारातून परत फिरले, भाऊ आत गेल्याचं पाहिलं आणि माझ्या खिडकीशी वाकले.

"ताई, ती बाटली कुठली हो? म्हणजे, मला नको. पण भुवयांतून आमच्याही... जरासं... पडतं."

मी त्यांच्या भुवयांकडे पाहिलं. दाट, करड्या, आणि मुळाशी पांढरा चुरा. मग त्या पहिल्या फोटोतले ठिपके कुणाचे किती, हे आता कोणत्याही कोर्टाला सांगता आलं नसतं. मी चेहरा सरळ ठेवून म्हणाले, "डोळ्यांत जाऊ देऊ नये, असं लिहिलंय. भुवयांना लावायची तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि साहेब, मागची बाजू वाचा."

ते गेले. मी स्टुलावर नुसती बसून राहिले. भाऊ बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काळी शाई, बोरू आणि एक लांब यादी होती.

"प्रत्येक प्रतीखाली नावं लिहायची आहेत," तो म्हणाला. "ओळीनं, डावीकडून उजवीकडे. इतकी वर्षं पाट्या रंगवणाऱ्याकडून लिहून घेत होतो. तो दर वेळी दोघांची अदलाबदल करतो आणि मग भांडणं होतात."

"माझं अक्षर वेडंवाकडं आहे."

"पण तू एकेक वाचून लिहिशील. बाकीच्यांसारखं न वाचता नाही."

बेचाळीस प्रती, प्रत्येकीखाली बेचाळीस नावं. मला अडीच महिने लागले. अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी होती, पण एकही मुंगी रांग सोडून गेली नाही. पुढे लग्नाच्या फोटोंवर तारखा, शाळेच्या फोटोंवर वर्ग, सगळं माझ्याकडे आलं. भाचीच्या लग्नाच्या फोटोखाली मी तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, पेन्सिलीनं लिही आधी, याचा भरवसा नाही." भरवसा निघाला. अजून निघतोय.

पुढे यंत्रं आली, डार्करूम गेली, लाल बल्ब कुठेतरी हरवला. भावाचं डोकं शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. कोंडा अधूनमधून डोकं वर काढायचा, की तो घड्याळ घेऊन मोरीत जायचा. भिंतीवर लावायला त्याचा मोठा फोटो केला तो यंत्रावरचाच, काळ्या कोटातला, एकही ठिपका नसलेला. मी ट्रंकेतून तीन केसांचा ब्रश काढला, पांढऱ्या रंगात बुडवला आणि त्याच्या डाव्या खांद्यावर एक कण ठेवला. भाची म्हणाली, "आत्या, डाग पडला बघ." मी म्हणाले, "डाग नाही तो. त्याच्या खाली नाव लिहायचंय, बोरू दे."

माझा धाकटा भाऊ, फोटोवाला, मागच्या वर्षी, भाचीच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली त्या महिन्यात, मंगळवारी सकाळी चहा पिऊन झाल्यावर गेला. तो एकोणऐंशी वर्षांचा होता.